सोर्स पॅकेज सोडवून दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवरचा एक प्रोग्रॅम मला विचित्र वागताना दिसत होता आणि त्याचा कोड बघायचा होता. प्रोग्रॅमच्या कोडचं गाठोडं, म्हणजे सोर्स पॅकेज, उतरवून उलगडणारी 'एपीटी सोर्स' ही कमांड दिली की सगळं आपोआप होतं, असं जो तो सांगतो. होतंही. पण त्या 'आपोआप'मध्ये काय काय घडतं, हे दाखवायला बसलात त्या तुम्हीच.

सोर्स पॅकेजं कुठून आणायची हे सांगणारी 'डेब-एसआरसी'ची ओळ सेटिंगमध्ये नसल्याने कमांड अडली, ते तुम्ही चुटकीसरशी निस्तरलंत. 'लिबसी६' मागितलं तर 'जीलिबसी' का येतं, हेही जाता जाता सांगितलंत: एकाच सोर्समधून इन्स्टॉल करायची अनेक पॅकेजं बनतात, म्हणून कोड सोर्सच्या नावाने येतो. पुढे मात्र तुम्ही घाई केली नाहीत. कमांडला 'डाउनलोड-ओन्ली' हा पर्याय लावून फक्त फाइली आणायला लावल्यात. तीन आल्या: मूळ लेखकांच्या कोडचा 'ओरिग' टारबॉल (अनेक फाइलींची एक बांधलेली फाइल), डेबियनच्या बदलांचा दुसरा टारबॉल आणि इवलीशी 'डीएससी' फाइल. ती साधी टेक्स्ट फाइल आहे, उघडून वाचता येते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाकी दोन फाइलींची नावं, आकार, एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) आणि वर डिजिटल सही, सगळं तिच्यात. चेकसम जुळला नाही तर 'डीपीकेजी-सोर्स', म्हणजे पॅकेज उलगडणारा प्रोग्रॅम, ते सोडवतच नाही. आणि फाइली आणायला किंवा सोडवायला सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लागत नाहीत!

मग तुम्ही तेच पॅकेज दोनदा सोडवलंत. एकदा 'स्किप-पॅचेस' लावून, म्हणजे डेबियनचे पॅच (कोडमधले बदल) न लावता, एकदा नेहमीसारखं, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. दोन्हींवर फरक दाखवणारा डिफ चालवला आणि मी ज्या वागण्याच्या मागे लागलो होतो ते समोर आलं. मूळ कोडमध्ये ते नव्हतंच, डेबियनच्या एका पॅचमधून आलं होतं. 'डेबियन/पॅचेस'मधली 'सिरीज' फाइल म्हणजे कोणते पॅच कोणत्या क्रमाने लावायचे याची यादी. त्यातल्या त्या पॅचच्या डोक्यावर कारण लिहिलेलं होतं, आणि खाली 'फॉरवर्डेड: नॉट-नीडेड'. म्हणजे तो डेबियनपुरताच, मूळ लेखकांकडे पाठवायची गरज नाही. तक्रार त्यांच्याकडे नेली असती तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. ती डेबियनच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या जागी, गेली.

तुम्ही कीबोर्ड एकदाही हातात घेतला नाहीत, प्रत्येक कमांड माझ्याकडून टाइप करून घेतलीत, याचे आभार वेगळे. खरं सांगायचं तर तेव्हा थोडा वैतागलो होतो.

आता बदललेलं पॅकेज बिल्ड करायचं आहे, म्हणजे कोडमधून पुन्हा बनवायचं आहे. त्यासाठी लागणारी पॅकेजं बसवणाऱ्या 'बिल्ड-डेप'ने मागितलेल्या पॅकेजांची यादी लांबलचक आहे, तेव्हा पुन्हा त्रास द्यायला येणार आहे.

कळावे,
आपला एक सहकारी