दिवस जात नाही म्हणालीस म्हणून

ब्रॅडफर्ड, इंग्लंड, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "तसं सगळं ठीक आहे गं, दिवस तेवढा जात नाही." तू सहज बोलून गेलीस, पण माझ्या मनातून ते काही जाईना. पहाटे नळाला पाणी आल्यापासून रात्री विरजण लावेपर्यंत जिला दिवस पुरायचा नाही, तिचा दिवस जात नाही! म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसलेय. अण्णांना फोनवर नीट ऐकू येत नाही, गिरणीच्या साळखात्यातल्या मागांच्या आवाजानं कान नेले ते नेलेच. दादा, याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दोघांना दे, आणि स्वतःही वाच. यात तुझ्यासाठी आणि वहिनीसाठीही थोडं आहे.

इथे आता चारच्या सुमाराला अंधार पडतो. आमच्या केअर होममध्ये मग पडदे ओढतात, चहा होतो, आणि ज्यांच्या हाताला काही नाही त्यांना तिथून झोपेपर्यंतचा वेळ खायला उठतो. नर्स म्हणून मी गोळ्या देते, बीपी बघते, जखमा पुसते. पण इथे एका बाईंची नोकरीच अशी आहे की, प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या हाताला त्याचं त्याचं काम शोधून द्यायचं. आधी मला वाटायचं, हा काय कामाचा प्रकार झाला? आता वाटतं, माझ्या निम्म्या गोळ्यांपेक्षा त्यांचं काम मोठं आहे.

एक आजी आहेत. नाव सांगत नाही, तसा नियम आहे. वय ९१. पंधराव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत लागल्या. हे गाव म्हणजे लोकरीचं सोलापूरच होतं, भोंगा वाजला की गल्ल्या भरून वाहायच्या. इथल्या मागांचाही इतका आवाज असायचा की, बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या. आता या आजींना कालचं आठवत नाही, लेकीचं नाव चुकतं. संध्याकाळ झाली की कासावीस होतात, घरी जायचं म्हणतात. एकदा थंडी वाजत होती म्हणून मी माझी आपली सोलापुरी चादर त्यांच्या पायांवर घातली. त्यांनी काय करावं? आधी काठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला. मग चादर उलटी केली आणि मागची बाजू बघितली. अण्णा, चादरीच्या दुकानात तुम्ही अगदी हेच करता! दुकानदार डिझाइन दाखवत असतो आणि तुम्ही उलटी बाजू बघता. आजींनी मान डोलावली आणि मला तासभर ताणाबाणा समजावून सांगितला. माणूस गडबडला तरी हात गडबडत नाहीत. ती चादर आता त्यांच्याच खुर्चीवर असते, मला दुसरी पाठवा.

तर सांगायचं हे की, तुम्हाला टाइमपास नको आहे. टाइमपासला टीव्ही आहेच. हाताला ओळखीचं काम हवं, आणि ते केलेलं कुणाच्या तरी उपयोगाला यायला हवं.

दादा, वहिनी, रागावू नका. तुम्ही आईच्या हातातली भाजीची परात काढून घेता, "आई, तुम्ही बसा" म्हणता, ते प्रेमानंच म्हणता. पण बसवून ठेवलं की माणूस झिजतो. मेथी निवडायला तिला एक तास लागू द्या. दोन काड्या राहिल्या तर राहिल्या.

आता थंडी आहे, तर शेंगांपासून सुरू करा. गच्चीवर नऊपर्यंत कोवळं ऊन असतं. खुर्च्या टाका, जमिनीवर बसू नका, उठताना तोल जातो. अण्णांनी शेंगा फोडायच्या. सकाळी बोटं आखडतात म्हणता ना, आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा, मग बसा. अंगठ्यानं शेंग दाबायची, फोलपट एकीकडे, दाणे एकीकडे. बोटांना याहून चांगला व्यायाम मी सांगू शकत नाही. दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं सुपात पाखडायची. उखळात आईनं लसूण, जिरं, मीठ, तिखट बघून घालायचं आणि कुटायचं काम पिंट्याला द्यायचं. तेल सुटून चटणी गोळा व्हायला लागली की "पुरे" म्हणायचं, हे त्याला मिक्सर शिकवणार नाही. एक डबा माझ्यासाठी. इथे कडक भाकरीचा शेवटचा तुकडा गेल्या महिन्यात संपला.

संक्रांतीला अण्णांनी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत शिरू नये, हे मी कळकळीनं सांगते. पण दादाची पांढरी बाराबंदी धुऊन, निळीतून काढून, इस्त्री करून ठेवायचं काम त्यांचंच. इस्त्री टेबलावर, बसून. नंदीध्वज लांबून दिसले तरी चालतील, घरातली बाराबंदी त्यांच्या हातची असावी.

उन्हाळ्याबद्दल मला भीती वाटते, म्हणून जरा कडक लिहिते. आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो आणि या वयात तहान लागल्याचं कळतच नाही. तहान लागेल तेव्हा पिऊ, असं चालणार नाही. माठाशेजारी तांब्या भरून ठेवा आणि दुपारपर्यंत तो रिकामा करा. (डॉक्टरांनी कुणाला पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.) कुरडया-पापड गच्चीवर घालायला आईनं जायचं नाही, पापडाच्या लाट्या करून द्यायच्या. वर नेऊन घालणं वहिनी आणि पिंट्याचं. दुपारी मधल्या अंधाऱ्या खोलीत पत्र्याची ट्रंक उघडा. त्यातले फोटो एकेक काढून मागे नावं लिहा, पेन्सिलनं, हलक्या हातानं. अक्कलकोटला काढलेल्या त्या फोटोत आजीच्या शेजारी कोण उभं आहे, हे आता फक्त तुम्हा दोघांनाच माहीत आहे. रोज पाचच फोटो. एका दिवसात ट्रंक संपवू नका.

पावसाळ्यात वारकरी पंढरपूरला पोचले की आपल्या घरात वातींचा कापूस निघायचा, आठवतं ना? आजी सरकी काढायची, बोटाला दूध लावून वात वळायची आणि तोंडानं हरिपाठ चालू असायचा. आई, हे परत सुरू कर. मोतीबिंदू काढल्यावर आता तुला दिसतंय, पण उजेड भरपूर लागेल, खिडकीशी बस. अर्ध्या तासानं उठून दारापर्यंत जाऊन ये. जुन्या साड्यांची वाकळ शिवायची म्हणत होतीस, तीही काढ. सुईत दोरा ओवायला जमत नाही, एवढ्यावरून काम सोडायचं नाही. पिंट्यानं शाळेत जाताना दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवाव्यात. श्रावणात अण्णांनी कहाण्या मोठ्यानं वाचाव्यात, तू ऐकावंस.

घटस्थापनेचं मात्र मला सगळ्यात जास्त वाटतं. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात म्हातारी माणसं कुंड्यांमध्ये डॅफोडिलचे कंद लावतात. मार्चच्या सुमाराला पिवळी फुलं येतात. नव्वदीची माणसं सहा महिन्यांनी फुलणारं काहीतरी मातीत घालतात आणि रोज जाऊन बघतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला घट आठवला. आई, तू पत्रावळीवर काळी माती पसरायचीस, धान्य पेरायचीस, चौथ्या दिवशी मला उठवून पांढरे कोंब दाखवायचीस. पण नवरात्राचीच वाट कशाला बघायची? पसरट कुंडीत मेथीदाणे टाक. चार-पाच दिवसांत उगवतात, महिन्याच्या आत भाजी होते. पाणी अण्णांनी घालायचं. रोज उगवलंय का ते बघायची पाळी तुम्हा दोघांत लावून घ्या, भांडण झालं तरी चालेल.

अजून एक. अण्णा, तुम्ही तुटलेला धागा एका हातानं, बघता बघता जोडायचात. लहानपणी मी कितीदा विचारलं, तुम्ही "मोठी झालीस की दाखवतो" म्हणालात आणि गिरणी बंद पडली. त्यानंतर तुम्ही धाग्याला हातच लावला नाहीत. आजींना मी सांगितलंय की माझे वडील मागावर होते. त्यांनी विचारलं, त्यांची गाठ कशी? मला सांगता आलं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. माझ्याकडे दुपारचा एक, तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. आजी माझ्या शेजारी बसतील. दोन धागे घेऊन बसा, एक पांढरा, एक लाल. हात थरथरला तरी हरकत नाही, आम्ही थांबू. आणि दादा, फोन त्यांच्या तोंडावर नको, बोटांवर धर.

वहिनीस नमस्कार, पिंट्यास गोड पापा.

तुमची लाडकी,
सुमी