कच्च्या रस्त्यावर थांबलेल्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहितो आहे. त्या शनिवारी दुपारी मोटरसायकलच्या मागच्या चाकाजवळ बसलेला, तंबू आणि सामान रस्त्याकडेला उतरवून ठेवलेला माणूस तुम्हाला आठवत असेल. तो मी.

एका लांब काट्याने टायर फुटला होता. गाडी थांबेपर्यंत जे थोडं अंतर गेलं, तेवढ्यात रिकामी ट्यूब रिमवर सरकली आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली. तिथे पॅच धरत नाही. जवळ जादा ट्यूब होती, पण पुढच्या चाकाची, 21 इंची. मागचं चाक 18 इंची. मी हताश झालो होतो आणि तुम्ही ती ट्यूब हातात घेऊन म्हणालात, "हीच बसेल. कायमची नाही, पण उद्या डांबरी रस्ता गाठेपर्यंत चालेल." त्या एका वाक्याने माझ्या जिवात जीव आला.

पुढचं सगळं मला अजून जसंच्या तसं दिसतं. गाडीला मधला स्टँड नाही, तर तुम्ही सामानाच्या पट्ट्याने पुढचा ब्रेक आवळून बांधलात आणि साइड स्टँडच्या विरुद्ध बाजूला एक जाड फांदी टेकवलीत. चाक निघालं, पण टायरची कड रिमला घट्ट चिकटलेली. पायाने दाबून ती हलेना. तेव्हा तुम्ही स्वतःची गाडी जवळ आणलीत, तिचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवला आणि गाडीचा भार हळूहळू त्यावर दिलात. कड सुटली! हे मी कधी पाहिलं नव्हतं. ट्यूब घालण्याआधी तुम्ही टायरच्या आत बोटं फिरवायला लावलीत आणि काट्याचं तुटलेलं टोक खरंच आत सापडलं. ते राहिलं असतं तर नवी ट्यूबही गेली असती. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा, म्हणजे तिला पीळ पडत नाही. शेवटचा भाग आत ढकलताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची, म्हणजे लिव्हरला, टायर उचकटायच्या त्या पट्टीला, जोर लागत नाही आणि ट्यूब चिमटत नाही. चाक परत बसवल्यावर चेनची ढील आणि चाक सरळ बसलंय हे दाखवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, हेही तुम्ही मलाच बघायला लावलंत.

स्वतः केलं असतंत तर निम्म्या वेळात झालं असतं. तुमचाही शनिवारच होता, तुम्हालाही उजेड असताना मुक्कामी पोचायचं होतं. तरी लिव्हर माझ्या हातात दिलेत आणि शेजारी बसून राहिलात. मला सगळ्यात जास्त आभार त्या बसून राहण्याचे मानायचे आहेत. घाईतल्या माणसाने केलेली मदतही मोठीच असते, पण माझं काम माझ्याच हातून होऊ देण्याइतका वेळ कुणी अनोळखी माणसाला देत नाही.

मग तुम्ही पुढे निघालात आणि मला धुळीच्या बाहेर राहता येईल इतकं अंतर ठेवायला सांगितलंत. खडी आणि मुरमाचा तो उतार मला एरवी जड गेला असता. पाय ठेवायच्या फूटपेगवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, हँडलवरची पकड सैल ठेवायची आणि नजर पुढच्या चाकावर नाही, लांब ठेवायची, हे सगळं ऐकून माहीत होतं. पण तुमची गाडी खाली उतरताना समोर दिसत होती, म्हणून ते अंगात उतरलं. पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता, इंजिनाच्या जोरावर वेग धरून तुम्ही ज्या संथपणे उतरलात, तसा उतरण्याचा प्रयत्न मी आता दर वेळी करतो.

आणि तंबूची जागा! ओढ्याचं कोरडं पात्र सपाट होतं, वाळू मऊ होती. कुणालाही तीच जागा आवडली असती. तुम्ही काठावरच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा दाखवलात आणि म्हणालात, "पाणी इथवर येऊन गेलंय." वर डोंगरात पाऊस झाला तर खाली आभाळ निरभ्र असतानाही ओढा भरू शकतो, हे तुम्ही फार साधेपणाने सांगितलंत. तंबू वर, दगडाळ जागी लावला. रात्री पाणी आलं नाही, पण मी निर्धास्त झोपलो. तुम्ही तोवर तुमच्या वाटेने पुढे गेला होतात.

दुसऱ्या दिवशी ती 21 इंची ट्यूब मला हळूहळू चालवत डांबरी रस्त्यापर्यंत घेऊन आली. नंतर मी घरी मोकळ्या वेळात चाक काढून पुन्हा घातलं, फक्त हाताला सवय राहावी म्हणून. मागच्या चाकाच्या मापाची ट्यूबही आता सामानात असते.

तुमचा एक टायर लिव्हर माझ्या पिशवीत राहिला आहे. निळी पट्टी गुंडाळलेला, टोकाला थोडा वाकलेला. हे वाचलंत तर कळवा, मी स्वतः आणून देईन. आणि या वेळी नाव नक्की विचारेन.

तुमचा ऋणी,
त्या दिवशीचा वाटसरू