वीस घडीची स्टुले आणि एक चित्र : विद्यापीठ कलादालनाच्या कार्यक्रमप्रमुखांस अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

परवा सायंकाळी कलादालनात डोकावलो तेव्हा प्रदर्शन उतरवून झाले होते. चित्रे खोक्यांत गेली होती, भिंतींवर खिळ्यांची भोके तेवढी उरली होती आणि लांबी भरणाऱ्या कर्मचाऱ्याशेजारी उभ्या राहून, कोणते भोक राहून गेले आहे ते आपण बोटाने दाखवत होतात. मला पाहून "आता बघायला काही नाही हो," असे आपण हसत म्हणालात आणि मीही हसून परत फिरलो. खरे तर आभार मानण्याची ती योग्य वेळ होती, ती हुकली. शिवाय हे आभार माझ्या एकट्याचे नाहीत, आमच्या वैद्यकीय शाखेच्या तीन तुकड्यांचेही आहेत, म्हणून हे पत्र खासगी न ठेवता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी मी दालनात पहिल्यांदा आलो तो एका उद्घाटनाला, आणि तेही निमंत्रणपत्रिकेवर माझे नाव छापले गेले होते म्हणून. तासाभराहून अधिक काळ भाषणे चालली आणि त्या सगळ्या वेळात व्यासपीठाकडे तोंड करून बसलेल्या प्रत्येकाची पाठ चित्रांकडे होती. नंतर बोलता बोलता मी आपल्यापाशी एक तक्रार केली : आमचे विद्यार्थी रुग्णाजवळ गेले की आधी त्याच्या फाइलीकडे हात नेतात, रुग्णाकडे नंतर पाहतात, आणि तपासण्यांच्या अहवालात जे नाही ते समोर दिसत असूनही त्यांना दिसत नाही. "मग त्यांना इकडे पाठवा," असे आपण म्हणालात. मी ते सौजन्याचे वाक्य समजून सोडून दिले. आठवडाभराने आपला निरोप आला तेव्हा त्यात तारीख, वेळ आणि चित्राचे नाव ठरलेले होते, सोबत एका शोधनिबंधाची प्रतही होती. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन आणि तेथील ब्रिटिश कलाकेंद्रातील लिंडा फ्रीडलेंडर यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभे करून निरीक्षण शिकवण्याचा उपक्रम सुरू केला होता आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडले होते. कलेच्या महतीवर चार वाक्ये लिहिली असतीत तर मी ती वाचली नसती, शोधनिबंध वाचला. माझ्यासारख्याची नस आपण बरोबर ओळखली होती.

पहिल्या दिवशीची चूक माझी होती, तीही येथे नोंदवून ठेवतो. आपण वीस विद्यार्थी आणायला सांगितले होते, कारण एका चित्रासमोर त्याहून अधिक माणसे बसली तर मागच्यांना चित्राऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. मी मात्र एरवीच्या व्याख्यानाच्या हिशेबाने साठ विद्यार्थी घेऊन दारात उभा राहिलो. घडीची स्टुले वीसच होती. आपण एक अक्षरही न बोलता साठांचे तीन गट केलेत, दोन गटांना वरच्या दालनात पाठवलेत आणि तेच सत्र, त्याच उत्साहाने, एकामागोमाग तीनदा घेतलेत. तिसऱ्या गटाच्या वेळी आपला आवाज बसला होता.

त्या सत्रात जे घडले ते मी नंतर इतक्यांना सांगितले आहे की आता ते पाठ झाले आहे. चित्र विद्यापीठाच्या संग्रहातले, कागदावरचे, जलरंगातले. खुर्चीवर बसलेली एक मध्यमवयीन स्त्री, बाजूला खिडकी. चित्राचे लेबल आपण कागदाने झाकून ठेवले होते. पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, असे आपण बजावलेत, आणि ती पाच मिनिटे मुलांना तर जड गेलीच, मलाही गेली. मग एक विद्यार्थी म्हणाला, "ती दुःखी आहे." आपण मान हलवलीत आणि विचारलेत, "चित्रात काय दिसते म्हणून तुम्हांला तसे वाटते?" तो गप्प झाला. चेहरा तर अर्धा सावलीत होता. थोड्या वेळाने दुसरीने खांदे झुकलेले आहेत असे सांगितले, तिसऱ्याने हातांची बोटे एकमेकांत गुंतलेली नाहीत, उजवा हात खुर्चीच्या कडेवर दाबून धरलेला आहे, हे दाखवले. आपण दर वेळी तेच विचारत राहिलात : आणखी काय दिसते? मागच्या बाजूने एक मुलगी, जी वर्गात कधीही तोंड उघडत नाही, ती म्हणाली की बाईंची पाठ खुर्चीला टेकलेलीच नाही आणि एक पाऊल मागे घेतलेले आहे. दोन क्षण शांतता पसरली. ती स्त्री खचून बसलेली नव्हती, उठण्याच्या बेतात होती. पाऊण तास आम्ही सगळे तिला बसलेली समजत होतो.

आपले ते प्रश्न मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन आणि संग्रहालय-शिक्षणतज्ज्ञ फिलिप येनवाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीतले आहेत, हे आपण नंतर सांगितलेत : चित्रात काय चालले आहे, काय पाहून तसे म्हणता, आणखी काय सापडते. तीनच प्रश्न, वाचायला इतके साधे की कोणालाही विचारता यावेत. ते विचारून झाल्यावर गप्प बसणे मात्र कोणालाही जमत नाही. मी पुढे रुग्णकक्षात हेच करून पाहिले तेव्हा पहिल्या दहा सेकंदांतच उत्तर सांगून मोकळा झालो. लेबल झाकण्याबाबत मी थोडा कुरकुरलो होतो, क्युरेटरने कष्टाने लिहिलेला मजकूर असा दडवणे मला अवमानकारक वाटले होते. त्यावर आपण म्हणालात की लेबल आधी वाचणारा माणूस नंतर चित्र पाहतो ते लेबलात लिहिलेले त्यात आहे ना, एवढे पडताळण्यापुरते, "तुमची मुले आधी फाइल वाचतात, तसेच." हा टोला मला बसायलाच हवा होता. सत्र संपल्यावर आपण कागद काढलात तेव्हा साठही मुलांनी तो मजकूर ज्या अधाशीपणाने वाचला, तसे लेबल वाचताना मी कोणाला पाहिलेले नाही.

हार्वर्डमधील कला-इतिहासाच्या प्राध्यापिका जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एकाच कलाकृतीसमोर तीन तास बसायला लावतात, हेही आपल्याकडूनच कळले. अमेरिकन चित्रकार कोपलीच्या 1765 सालच्या 'खारीसह मुलगा' या चित्रात मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांची कड एकमेकांशी जुळतात, हे दिसायला त्यांना स्वतःला नऊ मिनिटे लागली. मी आपल्या दालनात एकदा तासभर बसून पाहिले. पहिली वीस मिनिटे मी घड्याळच पाहत होतो, हे कबूल करतो.

प्रकाशाचा धडा मला सर्वांत आवडला, कदाचित त्यात आकडे होते म्हणून. दालनात अंधार फार आहे, नीट दिसत नाही, अशी तक्रार एका विद्यार्थ्याने केली तेव्हा आपण त्याच्या हातात प्रकाशमापक दिलात. चित्रावर 50 लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) भरले. कागदावरच्या जलरंगांना आणि वस्त्रांना साधारणपणे एवढाच प्रकाश देतात, तैलचित्रांना त्याच्या तीन-चार पट चालतो, आणि प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही, हे सांगून आपण फळ्यावर हिशेब मांडलात : रोज आठ तास आणि नव्वद दिवस 50 लक्स म्हणजे 36,000 लक्स-तास, हेच चित्र 500 लक्सच्या लखलखीत खोलीत टांगले तर तेवढीच मात्रा नऊ दिवसांत पूर्ण होते. 'मात्रा' हा शब्द आपण मुद्दाम वापरलात की सहज आला ते मला माहीत नाही, पण मुले ताठ बसली. औषधाच्या साठत जाणाऱ्या विषारीपणावर मी दर वर्षी बोलतो, तेव्हा ती इतकी ताठ बसत नाहीत.

त्यानंतर आपण आम्हांला साठवणीच्या खोलीत नेलेत. बाहेर पाठवल्या जाणाऱ्या एका चित्राची स्थितीनोंद तेथे चालू होती. विजेरी जवळजवळ कागदाला समांतर धरून, आडव्या प्रकाशात उठणारी प्रत्येक सुरकुती, उचललेला रंगाचा पापुद्रा, जुन्या डागाची कड आराखड्यावर उतरवली जात होती. नोंदीत 'खराब' किंवा 'बरे' असले शब्द चालत नाहीत. जागा, लांबी आणि स्वरूप लिहावे लागते, शेजारी दिनांक आणि सही. मी तेथून निघालो तो सरळ आमच्या विभागात गेलो आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या रुग्णनोंदी काढून बसलो. अर्ध्याहून अधिक नोंदींत 'प्रकृती बरी' एवढेच होते.

आपली सायंव्याख्याने, कलावंतांबरोबरच्या गप्पा, लहान मुलांच्या कार्यशाळा यांविषयी इतर लोक माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील. मी फक्त एका दुपारविषयी लिहितो. दृष्टिहीन अभ्यागतांसाठीच्या कार्यक्रमात चित्राचे वर्णन करण्यासाठी आपण आमच्या चार विद्यार्थ्यांना बोलावले होते आणि ते चित्रही तेच, खुर्चीवरच्या बाईंचे होते. आपल्याला ते पाठ आहे अशा थाटात मुलांनी सुरुवात केली. ऐकणाऱ्या एक वयस्कर बाई मध्येच म्हणाल्या, "खुर्ची भिंतीपासून किती लांब आहे? तिला उठायला जागा आहे का?" चौघेही वळून चित्राकडे पाहू लागले. वर्षभरात हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, मलाही नाही. जागा होती, पण बेताची. खुर्ची तिरकी ठेवलेली होती आणि ती तिरकी का आहे यावर पुढची वीस मिनिटे गेली. कोण कोणाला चित्र दाखवत होते, ते सांगणे त्या दुपारी कठीण होते.

एका गोष्टीची मला लाज वाटते. गेल्या वर्षी एका बैठकीत दालनाच्या खर्चाचा विषय निघाला, अभ्यागतांची संख्या वाचून दाखवली गेली, आणि कलादालन म्हणजे विद्यापीठाचा दागिना, अडचणीच्या काळात तो थोडा बाजूला ठेवता येतो, असे कोणीतरी म्हणाले. मी तेथे होतो आणि गप्प बसलो. वास्तविक ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय 1683 मध्ये लोकांसाठी उघडले तेव्हा त्याच इमारतीच्या तळघरात रसायनशाळा होती. संग्रह, व्याख्यान आणि प्रयोग एका छपराखाली होते. येलचे कलादालन 1832 पासून आहे, तेथील ब्रिटिश कलाकेंद्र तर पुढचे. शिकवण्याच्या जागा म्हणूनच हे संग्रह वाढले, हे त्या बैठकीत सांगायला दोन मिनिटे पुरली असती. साठ माणसांची तीन सत्रे म्हणजे अहवालात 'साठ' एवढाच आकडा होतो, आणि आवाज बसल्याचा रकाना त्या तक्त्यात नसतो, हेही सांगता आले असते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असे पत्र मी कालच दिले आहे आणि त्याला विद्यार्थ्यांचे लेखी अभिप्राय जोडले आहेत.

त्या न बोलणाऱ्या मुलीविषयी आपण परवा विचारणार होतात, असे वाटते. ती आता प्रशिक्षणार्थी डॉक्टर आहे. मागच्या महिन्यात तिने एका रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून, फाइल न उघडता, मला सांगितले की हे डाव्या कुशीवर वळायचे टाळत आहेत, उशी सकाळपासून एकाच बाजूने दबलेली आहे. मी तिला तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी गप्प बसलो.

नव्या प्रदर्शनासाठी पुढच्या तुकडीची तारीख कळवावी. वीसच विद्यार्थी येतील, याची हमी देतो. आपल्या वीस घडीच्या स्टुलांपैकी एक गेल्या वेळेपासून आमच्या विभागातच राहिले आहे. त्याची बिजागरी सैल झाली होती, ती आवळून घेतली आहे. सोमवारी सकाळी आणून देतो.

आपला कृतज्ञ,
वैद्यकीय शाखेतील एक शिक्षक