म्हणे, सह्या करा आणि निर्धास्त व्हा!

मा. संपादक,

जुनी गाडी विकण्यावरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. पॉलिश कधी मारावं, फोटो सकाळच्या उन्हात काढावेत की संध्याकाळच्या, सीट कव्हर बदलावीत का, यावर अर्धं पान खर्ची पडलंय. कागदपत्रांच्या वाट्याला मात्र एकच ओळ: फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून द्या नि निर्धास्त व्हा. वा! लेखकमहाशयांनी स्वतःची गाडी अशीच विकली असेल, तर त्यांनी आजच आरसी कुणाच्या नावावर आहे ते पाहून घ्यावं.

फॉर्म 29 ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना आहे, घेणाऱ्याच्या खिशात कोंबायची चिठ्ठी नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे ती राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत द्यायची, गाडी परराज्यात जाणार असेल तर 45 दिवसांत, आणि तेव्हा फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, वेगळा. फॉर्म 30 हा गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज, त्यासाठी घेणाऱ्याला 30 दिवस असतात. प्रत्यक्षात काय होतं? 29-30 चा कोरा संच, तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त विकणाऱ्याची सही. हा संच डिकीतल्या जॅकसारखा गाडीबरोबर फिरतो. पहिला घेणारा तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. ट्रान्सफरचा खर्च कुणीच करत नाही.

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमकं हेच झालं होतं. 2007 मध्ये विकलेली गाडी पुढे हातोहात गेली. 2009 मध्ये ती रिव्हर्स घेताना अपघात होऊन एकाचा जीव गेला. उच्च न्यायालयाने भरपाई शेवटच्या ताबेदारावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी ते फिरवलं: नोंदणी ज्याच्या नावावर, मालक तोच, भरपाईही त्यानेच द्यायची. दोन वर्षांपूर्वी पैसे घेऊन किल्ली दिलेल्या माणसाने! असल्या निकालाला तुमच्या अर्ध्या पानात जागा नव्हती, सीट कव्हरला होती.

आता लेखात काय हवं होतं ते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवायचा. 'नंतर बघू' म्हटलं की ट्रान्सफर तिथेच अडते. ई-चलन शून्य करायचं. फॉर्मवर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख आपल्यासमोर भरून घ्यायची. सही आरटीओच्या नोंदीशी जुळली पाहिजे, चेसिस नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा) पेन्सिल प्रिंट नीट उठला पाहिजे. अर्ज परत येतात ते बहुधा या दोन कारणांनी. पैसे खात्यात जमा झालेले दिसल्यावरच किल्ली, नुसत्या स्क्रीनशॉटवर नाही. डिलिव्हरी नोटवर, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर, तारखेबरोबर वेळही लिहायची, मीटरचा आकडाही. त्याच संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर वेगाचं चलन फाटलं तर तो कागद कामाला येतो. फास्टॅग काचेवरून खरवडून काढायचा आणि बँकेत बंदही करायचा, नाहीतर पुढचे टोल आपल्याच खात्यातून. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्याचं पत्र कंपनीकडून घेतलं की तो तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला घेणाऱ्याला 14 दिवस मिळतात. आणि गाडी डीलरला देणार असाल तर 29 नाही, 29सी. अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना देणारा हा फॉर्म एप्रिल 2023 पासून लागू आहे. 'असलं काही नसतं हो साहेब' म्हणणाऱ्या डीलरला नमस्कार करून पुढे जावं.

जाता जाता, एचएसआरपीबद्दलही, म्हणजे त्या उच्च सुरक्षा नंबरपाटीबद्दल. ती बसवायला मुदतवाढ मिळाली की तुम्ही ठळक मथळा देता. पण 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला ती पाटी नसेल तर मालकी हस्तांतराचं काम अडतं, हे त्या मथळ्याखाली कुठेच नसतं. चारचाकीची पाटी 745 रुपये अधिक जीएसटीत येते. ती न लावता लोक गिऱ्हाईक ठरवतात, टोकन घेतात आणि आरटीओच्या खिडकीवर भांडतात.

चूक दुरुस्त करणार असाल तर त्याच पुरवणीत, त्याच पानावर करावी. निविदांच्या रकान्याखाली नको, ही विनंती.

— एक जुना वर्गणीदार, पुणे