मोगरीला उद्या लाइनला लावू नकोस

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपल्या दोघांचा आवाज चढतो, म्हणून पत्र. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर धुळीत जायला बंदी आहे आणि माथेरान म्हणजे नुसती लाल धूळ, त्यामुळे अजून काही दिवस कर्जतलाच. मी सांगतोय आणि तुझी आतेबहीण लिहितेय.

तू पाठवलेले दोन्ही व्हिडिओ एका डोळ्याने चार-चार वेळा पाहिले. परवाच्यात आपली घोडी मोगरी दुडकी चालते तेव्हा पुढचा डावा पाय टेकला की मान वर उडते, उजवा टेकला की खाली येते. म्हणजे दुखणं पुढच्या डाव्यात. कालच्यात मान स्थिर आहे, आणि खाली तू लिहिलंस, ‘इंजेक्शन दिलं, एकदम ओके, उद्यापासून गिऱ्हाइकांच्या लाइनला लावतो.’ अरे, ओके काही झालं नाही. दुखतंय ते तिला कळेनासं झालं, एवढंच.

आता डाव्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे का? मला तरी नाही. दहा दिवसांपूर्वी नाल मारली, तेव्हा खिळा आत लागून खुरात पू धरला असेल. तसं असेल तर डॉक्टर तळव्याला वाट करून पू काढतील आणि आठ-पंधरा दिवसांत ती पळेल. गुडघ्याखालच्या नळीमागची शीर ताणली असेल तर काही महिने गेले. हाडाला केसाएवढी चीर असेल तर आज लंगडते आहे, उद्या पॅनोरमा पॉइंटच्या वाटेवर एका ठेचेत त्याचे दोन तुकडे होतील. मग पुढचं तुला माहीत आहे. दुखणी वेगवेगळी, पण उभ्या घोडीकडे नुसतं बघून त्यांतलं एकही सांगता येत नाही, आणि इंजेक्शन सगळ्यांवर सारखंच पांघरूण घालतं. दुखत होतं तोवर ती स्वतःच तो पाय जपत होती. घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात खोगीर, वर ऐंशी किलोचं गिऱ्हाईक, आणि उतार लागला की सगळा भार आणखी पुढे. दस्तुरी नाका ते बाजार अडीच किलोमीटर, दिवसाला किती फेऱ्या, तूच मोज.

शिवाय ते औषध माणसाचं. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच आणलंस ना? जनावरांसाठी ते 2006 साली बंद झालं, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची किडनी जाते. माणसाच्या मोठ्या बाटल्याही 2015 पासून बंद केल्या, तीन मिलिलिटरपेक्षा मोठी मिळत नाही, ती याचसाठी. मग एवढ्या घोडीला तू किती शिश्या फोडल्यास? वेदनेची औषधं घोड्याच्या पोटात अल्सर करतात, पाणी कमी पडलं तर किडनीही धरतात. एक लागू पडत नाही म्हणून दुसरं टोचायचं, हे तर मुळीच करू नकोस.

औषधच वाईट असं मी म्हणत नाही. डॉक्टर स्वतःही देतील कदाचित, पण काय झालंय ते कळल्यावर, आणि तबेल्यात आराम पडावा म्हणून. पाठीवर माणूस बसवता यावा म्हणून नाही.

पुढचं मी स्वतः लिहितोय, पोरीला बाहेर पाठवलंय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुला आपला पांढरा सुलतान आठवत नसेल, तू रांगत होतास. दिवाळीच्या सीझनला तो लंगडायला लागला. मी चार दिवस टोचून चालवला. पाचव्या दिवशी शीर केळीएवढी सुजली. मग मी काय केलं? आणखी एक इंजेक्शन दिलं आणि कल्याणच्या एका वरातवाल्याला चांगला म्हणून विकला. दोन वर्षांनी एका लग्नात तो दिसला. बँड वाजतोय, वर नवरदेव, आणि हा तीन पायांवर उभा. मी न जेवता निघालो. तुझी आई अजून समजते की मला ॲसिडिटी झाली होती.

तेव्हा उद्या एवढं कर. खालच्या डॉक्टरांना बोलाव, वर यायचे जास्त पैसे मागतील ते दे. मोगरीला चालवत नेरळला उतरवू नकोस. इंजेक्शन कधी दिलं, किती दिलं, ते खरं सांग, नाहीतर त्यांना धड चालणारी घोडी दिसेल आणि तेही फसतील. ते खूर चिमट्याने दाबून बघतील, गरज पडली तर खालून वर एकेक भाग बधिर करून दुखणं कुठलं ते हुडकतील. एक्स-रे लागला तर लागला. आजारी जनावर कामाला जुंपणं 1960 च्या कायद्यातही गुन्हा आहे, पण ते तुला मी पोलिसांच्या भीतीने सांगत नाही.

पतपेढीच्या या महिन्याच्या हप्त्याचं आत्याशी बोललोय, तो विषय सोड. मोगरीखाली पेंढा जाड घाल, दाणा कमी कर, पाणी भरपूर ठेव. रात्री झोपताना डाव्या खुराला हात लावून उजव्याशी ताडून बघ. गरम लागला तर कितीही वाजता फोन कर, आवाज चढवणार नाही.

तुझे बाबा