विषय: हरिकेन या मॉडेल विमानाच्या किटमधलं शेपटीचं जड लाकूड आणि तुमच्या माणसांची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन केला. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लेखी कळवतो.

तुमच्या ७६ सेंटीमीटर पंखाच्या हरिकेनच्या किटमध्ये शेपटीसाठी दिलेली बाल्साची, म्हणजे मॉडेलच्या हलक्या लाकडाची, शीट (३ × ७५ × ९०० मिलीमीटर) माझ्या काट्यावर ४५ ग्रॅम भरली. हलक्या बाल्साची एवढीच शीट वीस-बावीस ग्रॅमची असते. पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फळ्यांना, रिब्जना, मात्र तुम्ही उत्तम, मऊ लाकूड दिलंय. म्हणजे चांगलं लाकूड तुमच्याकडे आहे, ते चुकीच्या जागी गेलं.

खोका उघडला त्याच दिवशी मी फोन करून हे सांगितलं, काट्यावरच्या शीटचा फोटोही पाठवला. उत्तर मिळालं, "आधी पूर्ण जोडा, मग बॅलन्स बघून सांगा." सात आठवडे रोज रात्री बसून जोडलं. नकाशावर सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून ४५ मिलीमीटरवर आहे. तिथे दोन बोटांवर विमान धरलं की शेपूट खाली जाते. तोल साधतो ५३ वर. बॅटरी फायरवॉलला, म्हणजे नाकातल्या मोटरमागच्या फळीला, टेकलेली आहे, आणखी पुढे जागाच नाही. हरिकेनचं नाक आखूड. शेपटीत नऊ ग्रॅम जास्त गेले की नाकात सत्तावीस ग्रॅम शिसं घालावं लागतं. ४०० ग्रॅमच्या विमानात छत्तीस ग्रॅम फुकटचं ओझं!

आता आजचं बोलणं. तुमचा माणूस म्हणाला, "एकदा चिकटवलेले पार्ट परत घेत नाही." मी म्हटलं, अहो, तुम्हीच आधी जोडा म्हणालात. "तशी नोंद नाही." फोटो पाठवलाय, म्हटलं. "फोटोवरून वजन कळत नाही." काट्यावरचा आकडा त्यात स्वच्छ दिसतोय! मग म्हणाला, "काका, खेळण्यातलं विमान आहे, नाकात दोन नाणी चिकटवा, नातू खूश होईल."

नातवाचा विषय मी काढलाच नव्हता. ओझरच्या विमान कारखान्यात माझी एकतीस वर्षं गेली. तिथे तोलाचा कागद पूर्ण झाल्याशिवाय विमान धावपट्टीकडे जात नसे. आणि हरिकेन म्हणजे १९४४ साली इम्फाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाच्या अर्जन सिंग यांच्या नंबर एक स्क्वाड्रनने उडवलेलं विमान. त्याला खेळणं म्हणणाऱ्याला फोनवर बसवता, याचं फार वाईट वाटलं. गेली कित्येक वर्षं मी तुमचीच किट घेतोय. मखमलाबादकडच्या शेतात आमच्यातली चार पोरं उडवायला शिकली, तीही तुमच्याच ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ मॉडेलवर.

शेपूट जड असलेलं विमान हातातून सुटताच नाक वर करतं, एलेव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीला, जरा हात लागला की उसळतं, वेग मरतो आणि एका पंखावर कोसळतं. म्हणून मी ते उडवलेलं नाही, उडवणारही नाही.

मला हलक्या बाल्साचा शेपटीचा नवा संच हवा, पाकिटावर वजन लिहून. जुनी शेपूट मी ब्लेडने कापून काढीन, ते काम माझं. आणि पहिल्या फोनची नोंद का नाही, हे लेखी कळवा. पंधरा दिवसांत दोन्ही मिळालं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ती ४५ ग्रॅमची शीट कापून उरलेली चौकट, बिल आणि फोटो जपून ठेवलेत.

तुमचा जुना ग्राहक,
सिडको, नाशिक