तीन माऊस कमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना संगणक पुरवण्यासाठी कंपन्यांत लागलेल्या चढाओढीची कालची बातमी दोनदा वाचली. कोण आयपॅड देणार, कोण क्रोमबुक, कोण विंडोजचा स्वस्त लॅपटॉप. स्थळांची यादी वाचावी तसे एकेकाचे गुण सांगितलेत. पुढे नांदवणार कोण, हे मात्र कुठे दिसले नाही.

ही चुरस आजची नाही. शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा गाजावाजा आठवत असेलच. निकोलस नेग्रोपोंटे या अमेरिकी तंत्रज्ञांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेने २००७ साली आपल्या रायगडातल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे आणली होती. इंटेलचा 'क्लासमेट' हा पोरांसाठीचाच लॅपटॉप तेव्हा समोर उभाच होता. मग इंटेल त्याच संस्थेच्या संचालक मंडळावर जाऊन बसली आणि २००८ च्या जानेवारीत बाहेरही पडली. भांडण मोठ्यांचे होते, छापूनही भरपूर आले. आज त्या दोन्हींपैकी एक तरी यंत्र कुणा पोराच्या दप्तरात दिसते का?

मी खटाव तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका होते. आमच्याकडे शाळांना संगणक देण्याच्या सरकारी 'आयसीटी' योजनेत 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर दहा संगणक आले. दहा म्हणजे पडदे दहा, डोके एकच, कोपऱ्यातला सर्व्हर. नारळ फोडला, सर्व्हरला हळदकुंकू लावले, पोरांना चपला बाहेर काढायला लावल्या. कंपनीने नेमलेला निदेशक, म्हणजे संगणक शिकवणारा, पंचक्रोशीतलाच मुलगा. मानधन तीन-तीन महिने रखडायचे, तरी स्वतःच्या खिशातून वायरी आणायचा. भारनियमन नेमके शाळेच्या वेळात. बॅटऱ्या दुसऱ्याच वर्षी फुगल्या.

करार पाच वर्षांचा. तो संपला तसा निदेशक घरी गेला आणि यंत्रे आमच्या गळ्यात पडली, म्हणजे कागदोपत्री 'हस्तांतरित' झाली. पुढच्याच पावसाळ्यात सर्व्हरने मान टाकली आणि दहाही पडदे एका दमात काळे. दुरुस्तीचे विचारले तर वरून उत्तर आले, वेतनेतर अनुदानातून भागवा. माझ्यासारखे मुख्याध्यापक हे वाचून हसतील, बाकीच्यांनी त्यांना कारण विचारावे.

आता माझे गाऱ्हाणे. गेल्या मे अखेर मी निवृत्त झाले. चार्ज देताना डेडस्टॉक, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तू, मोजायला कारकून आले. कुलूप गंजलेले, तेल सोडून उघडले. सर्व्हरवरचे कुंकू तसेच होते, आत पालीची अंडी. त्यांनी एकेक नग मोजला आणि म्हणाले, "मॅडम, माऊस तीन कमी भरतात."
मी म्हटले, "वायरी उंदरांनी कुरतडल्या, म्हणून शिपायाने टाकून दिले."
ते जराही हसले नाहीत. म्हणाले, "तसा पंचनामा केलाय का?"

पंचनामा नाही, म्हणून निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव नाही. प्रस्ताव नाही, म्हणून नादेय, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा, दाखला नाही. एकतीस वर्षे गणित शिकवून मी तीन माऊसची देणेकरी! नवे माऊस बाजारातून आणून ठेवते म्हटले, तर ते 'त्याच मेकचे' हवेत. तो मेक आता कंपनीकडेही नसेल.

केरळात सरकारने शाळांमधून फुकट वापरता येणारी लिनक्स प्रणाली बसवली आणि शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले. आपल्याकडे यंत्र कुणाचे, यावरच रकाने भरतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर चालणाऱ्या शाळांतल्या संगणकांचे काय, हे एखाद्या वार्ताहराने कंपन्यांना विचारायला हरकत नव्हती. पण त्याच बातमीखाली त्यातल्याच एका कंपनीची अर्धपान जाहिरात होती, तेव्हा जागेची अडचण मी समजू शकते.

जागेवरून आठवले. बारावीच्या पेपरफुटीवरचे माझे मागचे पत्र आपण अर्धे कापून छापलेत आणि नेमका मुद्दा असलेला परिच्छेद गाळलात. हे पत्र कापायचेच झाले तर नेग्रोपोंटे कापा. उंदीर ठेवा.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, ता. खटाव, जि. सातारा
(नाव छापू नये. दाखला अजून यायचा आहे.)